बाप हयात असताना मिशी उतरवल्याबद्दल

देवळाली प्रवरा,
सोमवार, दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

तीर्थरूप वैजनाथमामांना,

तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा, सूर्यभानचा, लांबूनच साष्टांग नमस्कार. लांबूनच घालतो, कारण जवळ आलो तर तुम्ही पायातलं पायताण हातात घ्याल असं मामींनी तुमच्या भाचेसुनेला, राजेश्वरीला, फोनवर सांगितलंय, आणि तुमच्या रागाच्या बाबतीत मामी कधी वाढवून सांगत नाहीत. मामींचा गुडघा कसा आहे? गाभण गाय व्याली का? बोअरला पाणी टिकून आहे ना? इकडे सर्व क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून ते लिहिलंय असं समजा. खरं सांगायचं तर कुशल म्हणावं असं फारसं काही नाही, पण तुमचे दाजी, आमचे तात्या, हयात आहेत. हे वाक्य अगोदरच लिहून टाकतो, कारण मध्यंतरी आमच्या घराविषयी जी बातमी पसरली तिच्यात नेमकी हीच एक गोष्ट चुकलेली होती.

तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला? मामा, तुम्ही मोबाईल कानाला लावत नाही, तोंडापुढे धरता, आणि तुमच्या ओट्यावर बसलेली सगळी आळी आमचा संसार ऐकते. मला जे सांगायचंय ते आळीसाठी नाही. शिवाय माझा आवाज आला की तुम्ही फोन कट करता, हेही एक कारण आहेच. पत्र निदान पुरतं वाचल्याशिवाय फाडता येत नाही (येतं, पण फाडू नका).

तर मूळ दुखणं म्हणजे नाटक. आमच्या मंडळानं नगरच्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं ठरवलं. (एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर ओरडतो नगर, आणि आम्ही उतरतोही नगरलाच.) लेखक मी, दिग्दर्शकही मी. खतं-औषधं विकणाऱ्या माणसानं हे धंदे का करावेत, हा राजेश्वरीचा प्रश्न मी तुमच्यापर्यंत पोचवतो. नाटकाचं नाव 'बाप्या'. पोराचा बाप्या कसा होतो, त्याला कोण करतं, हा विषय. त्यात नाटक कसलं, वय झालं की होतो, असं तुम्हाला वाटेल. पण मी कधी झालो ते मला चांगलं ठाऊक आहे. आई गेली तेव्हा मी अकरावीला होतो. तुम्ही जामखेडहून पोचायच्या आधीची गोष्ट. तिला ओट्यावर आणलेली, मला हुंदका फुटणार एवढ्यात तात्यांनी दंड धरला आणि म्हणाले, "गप. बाप्या मानूस हायेस आता तू." मी गप झालो. अजून गपच आहे. तात्याही गप. तेव्हापासून आमच्या घरात आईचं नाव निघालं नाही. तिच्या श्राद्धालासुद्धा तात्या 'ते जेवण' म्हणतात. मला एवढंच हवं होतं की एकदा तरी, खोट्या घरात का होईना, खोट्या आईपुढे का होईना, त्या पोरानं रडावं आणि तात्यांनी ते समोर बसून बघावं. स्पर्धा, बक्षीस वगैरे मंडळाला सांगायला होतं.

पोराच्या कामाला भागवत धरला होता. पोरगा तरणा, आवाज खणखणीत, पण मिशी पिळदार. नाटकातला मुलगा अकरावीतला, म्हणून मिशी काढ म्हटलं, तर गडी उठून उभाच राहिला. "आमचं म्हातारं जित्तं हाय अजून," म्हणाला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे आई गेली तर डोकं उतरवतात, मिशीला वस्तरा लागतो तो बाप गेल्यावरच. त्यात भागवतचं मुली बघणं चालू आहे (म्हणजे तो बघायला तयार आहे, दाखवायला कुणी तयार नाही), अशात बिनमिशीचा फोटो फिरला तर सगळंच आटोपलं. मंडळातल्या बाकीच्यांना विचारलं, तर त्यांचेही बाप एकेक करून जिवंत निघाले. इतक्या म्हाताऱ्यांची तब्येत इतक्या निराशेनं मी आजवर कधी विचारली नव्हती. वडील नसलेला एकटा गोरक्षनाथ, पण तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, आणि त्याला बापाचं काम दिलेलं. शेवटी मर्दानगीच्या खुळचट कल्पनांवर मंडळाला एक लांबलचक भाषण दिलं आणि रागाच्या भरात मीच सलूनच्या खुर्चीत जाऊन बसलो. वय चव्वेचाळीस, काम अकरावीतल्या पोराचं. नाटकासाठी काढायचीय, हे मी न्हाव्याला बजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, आणि वस्तरा लावायच्या आधी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता योग कसा बघा. त्याच आठवड्यात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नगरला नेताना गावानं त्यांना गाडीत आडवं निजलेलं पाहिलं होतं (त्यांना गाडी लागते), आणि परत आणल्यापासून ते काळा चष्मा लावून आतल्या खोलीत, धूळ नको म्हणून. म्हणजे इकडे बाप दिसत नाही, तिकडे पोराची मिशी दिसत नाही. गावानं बेरीज केली. म्हातारा नगरलाच गेला आणि पोरानं सगळं परस्पर उरकलं, असं ठरलं. मी सलूनमधून थेट तालमीला गेलो, मोबाईल बंद करून. तोवर गावाच्या ग्रुपवर तात्यांचा फेटा बांधलेला फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. एका पुढाऱ्याच्या माणसानं तर, साहेबांना भाषणाला वेळ काढावा लागतो, दहावा कधी धरलाय, असंही विचारून ठेवलं होतं.

राजेश्वरी रानात होती. घरी ओट्यावर माणसं जमली, तोंड पाडून बसली आणि बोलायला लागली, आणि आत तात्या एकटेच हे ऐकत होते. सगळ्यांचं एकच म्हणणं. लई कडक मानूस. बायको गेली तरी डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई गड्यानं. हे कौतुकानं बरं का. पाटपाण्याच्या भांडणात तात्यांनी किती जणांची डोकी फुटता फुटता वाचवली, ते एकाच्याही तोंडी आलं नाही. सगळं आयुष्य जगून माणसाचं एवढंच उरलं, की तो रडला नाही. मग शेजारच्या छबूबाई आल्या. त्यांनी उंबऱ्यातच बसकण मारून गळा काढला, "आसारामभाऊ, असं न सांगता कुठं गेलात वो!" आणि आतून तात्यांचा आवाज आला, "कुठं जातोय? हितंच हाय की." तरी छबूबाई लगेच थांबल्या नाहीत. काढलेला गळा मध्येच टाकता येत नाही, तो त्यांनी रीतसर खाली आणून संपवला, आणि मग किंचाळल्या.

तात्या काळा चष्मा लावून बाहेर आले. लोकांना बसवेना आणि उठवेना. कुणीतरी डोळ्याची चौकशी केली, कुणी उसाला तोड कधी म्हणून विचारलं, छबूबाई डोळे पुसत चहा ठेवायला आत गेल्या. मी तालमीहून पोचलो तो या वेळी. मिशीकडे बघून एकानं 'अरारा' म्हटलं, बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. आणि आता ते सांगतो, जे तुम्हाला माहीत नाही. राजेश्वरीचा मोबाईल ओट्यावर चार्जिंगला होता, तो वाजला. जवळ तात्या होते, त्यांनी चाचपडत घेतला, आणि स्पीकर चालू झाला. तुम्ही होतात. कोण बोलतंय हे तुम्ही विचारलंच नाही. ढसाढसा रडायला लागलात. मी फोन घ्यायला पुढे झालो, तर तात्यांनी हात वर केला. मला, छबूबाईंना, सगळ्यांना, गप म्हणून. तुम्ही रडत रडत म्हणालात, "दाजी बी गेलं. आता माझ्या आक्काला वळखनारं कोन ऱ्हायलं रं?" मामा, ओट्यावर भरपूर बाप्ये बसलेले होते आणि एकालाही कुठं बघावं ते कळत नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल की इकडून फोन कट झाला. तो झाला नव्हता. तुमचं रडून संपेपर्यंत तात्या तो हातात धरून बसले होते.

मी तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि ते राहूनच गेलं. सुचलं तेव्हा तुम्ही एसटीत होतात, रेंज नाही. टॉवेल-टोपी घेऊन तुम्ही नगरच्या स्टँडपर्यंत आलात, तिथे कळलं, आणि तिथूनच शिव्या देत परत गेलात. त्या सगळ्या शिव्या मला पोचल्या, मला मान्यही आहेत. जिवंत मेहुण्याच्या दुखवट्याला तुम्हाला निघावं लागलं, तेही नाटकापायी.

एवढं होऊन तरी नाटक चांगलं व्हावं की नाही? तालमीत मला रडूच येईना. स्वतः लिहिलेला प्रसंग, स्वतःची आई, तरी डोळे कोरडे. आणि गोरक्षनाथ, ज्यानं माझा दंड धरून कडक आवाजात "गप" म्हणायचं, तो रोज त्या जागेवर येऊन हमसून हमसून रडायचा. त्याचे वडील गेले तेव्हा म्हणे त्याला जमलं नव्हतं. ज्यानं रडायचं नाही तो थांबत नाही, ज्यानं रडायचं त्याला येत नाही, असं आमचं पुरुषत्वावरचं नाटक. प्रयोगाच्या दिवशी भागवतच्या सल्ल्यानं मी डोळ्यांखाली बाम चोपडला. जरा जास्तच चोपडला. ऐन प्रसंगात डोळे मिटले ते उघडेनात, मी आईकडे जायच्या ऐवजी विंगेकडे चाललो, गोरक्षनाथ रडत रडत मला ओढून आणतोय, मी ठेचकाळून त्याच्या पोटावर, आणि सबंध हॉल खदाखदा हसतोय. आम्हाला विनोदी एकांकिकेचं उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी माझी पाठ थोपटून सांगितलं, टायमिंग उत्तम आहे.

तात्या प्रयोगाला आले होते. मी चला म्हटलं नव्हतं, ते आपणहून टेम्पोत बसले. शेवटच्या रांगेत होते. परतीच्या वाटेवर टेम्पोत, नेपथ्याच्या खाटेवर ते आणि मी समोरासमोर, डोळे माझे सुजलेले आणि त्यांना चष्मा. राहुरी आली. मग तात्या म्हणाले, "ती अशी निजली न्हवती." मला आधी कळलंच नाही. म्हणाले, "तुज्या नाटकात तिचं तोंड भिंतीकडं केलंय. तिचं तोंड दाराकडं हुतं. शेवटपतूर दाराकडंच. वैजनाथ येनार म्हनून." एवढंच. घर आलं, ते उतरले आणि आत गेले. मामा, इतक्या वर्षांत ते तिच्याविषयी माझ्याशी बोलले ते हे पहिलं. मी टेम्पोत खाट सोडायच्या निमित्तानं बराच वेळ मागे थांबलो. रडू तेव्हाही आलं नाही. फार वाईट वाटलं, पण आलं नाही.

मिशी आता परत येतेय, थोडी पांढरी येतेय. मामींना नमस्कार सांगा. राग शिल्लक असेल तर तो माझ्यावरच ठेवा, नाटकावर ठेवू नका, ते तसंही बंद पडलंय.

तुमचाच
सूर्यभान

ता.क. हे पत्र मी कुरियरनं पाठवतोय, म्हणजे ते तात्यांच्या आधी पोचेल. तात्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं, नगरला बदलून, तुमच्याकडे येताहेत. तूर बघायला येतो म्हणतात. तुरीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आमचा जन्मभर ऊस. मला वाटतं त्यांना रडायचंय. डोळ्यातलं औषध बंद होऊन बरेच दिवस झाले, तरी पाणी येतं, आणि कुणी विचारलं तर ते औषधाचंच म्हणून सांगतात. इथे माझ्यासमोर त्यांना जमत नाही. मी दिसलो की ते कडक होतात, आणि ते कडक झाले की मी. तुम्हाला रडता येतं हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तेव्हा मामींना चहा देऊन जरा शेजारी जायला सांगा, मोबाईल बंद ठेवा, दार ओढून घ्या, आणि आईचा विषय काढा. सुरुवात तुम्ही करा.

आणखी ता.क. रविवारी दुकान बंद असतं. मीही येतो. तूर बघायला नाही.