रिकामी चौकट

सोमवार, ४ जुलै १९३२

सकाळच्या गाडीने पासाऊ सोडलं, दुपारी ओबरहासलिंगला पोचले. हवा स्वच्छ होती. मला नोकरी दिलेल्या छापखान्याचे जुळारी कास्पर ड्रेक्सल स्वतः स्टेशनवर आले होते. साठीचे, विधुर, बोटं शिशाने काळी. पेटी उचलताना म्हणाले की आत पुस्तकं असतील तर आधीच सांगा, आयुष्यभर छपाईचे खिळे उचलून पाठ गेली आहे. बऱ्याच दिवसांनी मी हसले.

खोली बेकरीच्या वर आहे. पावाचा वास जिन्यापर्यंत येतो, खिडकीतून चौक आणि चर्च दिसतं. मालकीण झेन्टाबाई मोठ्या मनाच्या वाटल्या. त्यांना माझ्या मुलाची, वेंडेलची स्मरणपत्रिका दिली. दुखवट्यातलं माणूस नव्या गावात आलं की आधी हेच करतं. काळ्या कडेची तळहाताएवढी पत्रिका, फोटो, नाव, तारखा, खाली प्रार्थना. त्यांनी ती आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आणि एकोणीस म्हणजे काही वय असतं का, म्हणाल्या.

जेवणाचं ताट पूर्ण संपवलं. मार्चनंतर पहिल्यांदाच. पासाऊच्या खोलीत त्याची खाट समोर असायची. ती खोली सोडली हे बरं केलं.

गुरुवार, ७ जुलै

काम समजलं. ड्रेक्सल खिळे जुळवतात, मी प्रुफं तपासते. चुका संपल्या की कागदाच्या कोपऱ्यात ‘टे. रा.’ अशी माझ्या आद्याक्षरांची सही करायची, त्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. जिथे चित्र यायचं असतं तिथे प्रुफात नुसती रिकामी चौकट असते. ठसा शेवटी, छापताना बसवतात.

३१ तारखेला निवडणूक आहे, मार्चपासूनची चौथी, त्यामुळे उसंत नाही. सगळ्या पक्षांचं काम इथेच येतं, तपकिरी सदरेवाल्यांचं सर्वांत जास्त. ड्रेक्सल लाल निशाणवाले आहेत आणि ते लपवत नाहीत. म्हणतात, सगळ्यांच्या थापा मी सारख्याच सरळ ओळीत बसवतो. एका पत्रकात धडधडीत खोटा आकडा होता. मालक लाइडल यांना दाखवला. ते सौम्यपणे म्हणाले की बाई, अक्षरं आपली, अर्थ गिऱ्हाइकाचा.

शनिवार, ९ जुलै

आणलेल्या पत्रिका संपल्या. लोक मागून घेतात, प्रार्थना करू म्हणतात. मालकांनी शंभर छापून दिल्या, फोटोचा नवा ठसाही करवला. ड्रेक्सलनी मजकूर जुळवला आणि न सांगता भोवती बारीक पानांची नक्षी घातली. तेव्हा मी त्यांना सांगितलं. मेंदूज्वर. अकरा दिवस. शेवटी त्याला प्रकाश सहन होत नव्हता, म्हणून मी खिडकीला माझी शाल लावली होती. पत्रिकेवर आजाराचं नाव घालायची पद्धत नाही, त्यामुळे इथे हे त्यांनाच माहीत आहे.

मंगळवार, १२ जुलै

दिवसभर तपकिरींची पत्रकं. एकावर चारच शब्द होते, ‘याला कोणी ठार मारलं?’ आणि वर रिकामी चौकट. तपासायला काही नव्हतं. सही केली.

गुरुवार, १४ जुलै

सकाळी दार उघडलं तर समोरच्या भिंतीवर वेंडेल होता.

चौकात, कारंज्यावर, शाळेच्या फाटकावर. सगळीकडे माझा मुलगा, आणि खाली ते चार शब्द. मी छापखान्यात धावत गेले. मालक म्हणाले की तपकिरींच्या माणसाने ठशांचा खण चाळला आणि हाच उचलला. चेहरा चांगला आहे बाई, बघूनच रडू येतं. नाव कुठे घातलंय आपण? मी म्हटलं, तो आजाराने गेला. त्यांनी प्रुफाचा कागद माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यात ‘टे. रा.’ होतं.

रविवार, १७ जुलै

नाव घालायची गरजच नव्हती. घरोघरी प्रार्थनेच्या पुस्तकात मीच ते ठेवून आले आहे.

चर्चबाहेर बायकांनी माझे हात धरले. एकीने हाताचं चुंबन घेतलं. मी प्रत्येकीला सांगत होते की मेंदूज्वर होता. त्या मान हलवत होत्या, लहान मुलाचं ऐकावं तशा.

संध्याकाळी झेन्टाबाई म्हणाल्या की वेंडेल त्यांच्या दुकानात यायचा. पावावरचं मीठ नखाने काढून खायचा. मी म्हटलं, तो या गावात कधी आलाच नाही. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला.

“घाबरवलंय हो तुम्हाला त्या लोकांनी. पण मला आठवतो ना तो. डोळ्यांसमोर आहे माझ्या.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच भयंकर आहे. आणि मीठ तो खरंच नखाने काढायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं?

बुधवार, २० जुलै

दुसरं पत्रक. आता नाव आहे. सुरा आहे, गल्ली आहे, ‘आई’ म्हणून मारलेली शेवटची हाक आहे. शेवटी लिहिलंय की मारेकरी आपल्यातच राहतो, याच गावात खिळे जुळवतो. आणि त्याचं नाव.

हे जुळवायला ड्रेक्सलकडेच दिलं. त्यांनी हात न थांबवता सगळं जुळवलं. स्वतःच्या नावापाशी आले तेव्हा चिमटा खाली ठेवला. ती ओळ मालकांनी जुळवली.

मी सही केली नाही. मालकांनी माझी पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात ‘टे. रा.’ लिहिलं. हुबेहूब माझ्यासारखं.

ड्रेक्सलना म्हटलं, गाव सोडा. ते हसले.

“टेक्लाबाई, चाळीस वर्षं यांच्या लग्नपत्रिका जुळवतोय मी. मला कोण हात लावतंय?”

शुक्रवार, २२ जुलै

पोलीस ठाण्यात गेले. टेबलाच्या काचेखाली वेंडेल आहे. अंमलदाराने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाला की दाखला असेल तर आणा, दुःखात आयांना भ्रम होतात. पासाऊच्या डॉक्टरांना तातडीचं पत्र टाकलं आहे. दाखला येईल. ड्रेक्सलना सांगितलं.

“आला तरी वाचणार कोण?” एवढंच म्हणाले. आज विनोद केला नाही.

रविवार, २४ जुलै

न्यायला आले. चार जण, अदबीने. सोबत झेन्टाबाई, त्यांनी माझी काळी टोपी स्वतः सरळ केली. चौकात व्यासपीठावर बसवलं. बोलायचं काही नाही, म्हणाले, आईने नुसतं बसायचं.

कर्ण्यातून माझ्या मुलाचं मरण सांगत होते. गल्ली, सुरा, हाक. ड्रेक्सलचं नाव तीनदा घेतलं.

मी उभी राहिले. ओरडून सांगणार होते, मेंदूज्वर, अकरा दिवस, हा माणूस पासाऊला कधी आलाही नाही. पण मी उभी राहिले म्हणून सगळा चौक उभा राहिला. हात वर गेले, गाणं सुरू झालं. मी ओरडत होते. माझं तोंड हलताना पाहून लोकांना वाटलं मीही गाते आहे. पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या.

मंगळवार, २६ जुलै

ड्रेक्सल कामावर आले नाहीत. त्यांचा एप्रन खुंटीवर आहे.

नदीत, पुलाखाली सापडले. पोलीस म्हणतात पाय घसरला.

झेन्टाबाई वर केक घेऊन आल्या. आता तुमचा पोरगा शांत झोपेल, म्हणाल्या. केक टेबलावर आहे. मी —

गुरुवार, २८ जुलै

दाखला आला. मेंदूज्वर, बारा मार्च, डॉक्टरांची सही. दोन दिवस उशिरा.

झेन्टाबाईंना दाखवला. दोनदा वाचला त्यांनी, घडी घालून परत दिला. लाल लोक डॉक्टरसुद्धा विकत घेतात हो, म्हणाल्या.

शनिवार, ३० जुलै

शाल खिडकीला लावली होती — की ती माझ्या खांद्यावर होती? तो काय म्हणाला शेवटी? अकरा दिवस काहीच बोलला नव्हता. मग ‘आई’ ही हाक मला का ऐकू —

कर्णा. सकाळपासून तेच.

रविवार, ३१ जुलै

मतदान. घंटा वाजताहेत. खाली सगळे गेले, घर रिकामं.

पेटीच्या तळाशी त्याचा एक सदरा निघाला. शेवटच्या दिवशीचा, धुऊन ठेवलेला. कॉलरजवळ डाग आहे. तपकिरी, बोटभर. पेटीच्या कडीचा गंज असणार. गंजच आहे. कडी तिथेच लागते.

पाणी तापवलं. साबण लावला. चोळते आहे. थोडा फिकट झाला — नाही. हात पुसून हे लिहिते आहे, पुन्हा पाणी ठेवलं आहे. गंज आहे. पुन्हा साबण लावते, आतल्या बाजूने चोळून बघते, म्हणजे