पंच क्रमांक दोन

२ डिसेंबर २०२४, सोमवार

नवी वही, नवं काम, नवं गाव. वही जाम गावच्या चौकात घेतली. तिथं पंक्चरच्या दुकानात सहा महिने होतो. त्याआधी सावंगीला दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये ताटं धुतली, त्याआधी एका बँडपथकात झांजा. झांजांची गोष्ट मजेदार आहे, पण ती पुन्हा कधी. आता मी, रोशन, दहावीला दोनदा आपटलेला, चक्क सरकारी कचेरीत बसतो! म्हणजे नोकर नाही, ठेकेदाराचा माणूस. जुना कागद मशीनवर ठेवायचा, बटण दाबायचं, कागदाचा फोटो कॉम्प्युटरात जातो. पंख्याखाली बसून.

गावाचं नाव लिहीत नाही. आतलं काही बाहेर सांगणार नाही अशी सही ठेकेदारानं आल्याआल्याच घेतली. वही म्हणजे बाहेर का? नसावी.

रेकॉर्ड रूम कौलारू, लांबच लांब. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते छतापर्यंत. वर माकडांचा कळप. एकानं माझ्या हातातून आलूबोंडा नेला, आणि वर बसून आधी मिरची फेकली. अक्कल पाहा.

रेकॉर्ड सांभाळणारे महादेवराव. रिटायर कधी झाले ते कोणाला नक्की सांगता येत नाही. त्यांच्याशिवाय कागद सापडत नाही म्हणून परत परत ठेवून घेतात. पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया, तोंडात सतत बेटा, बेटा. त्यांच्या खुर्चीची बैठक खचलेली आहे, म्हणून त्यात एक बस्ता घातलाय आणि वर उशी. तसे ते माझ्यापेक्षा चार बोटं उंच बसतात.

दुपारी त्यांनी एका कोऱ्या कागदावर खाली सही मागितली. रद्दी जाळायची तर पंचनामा लागते, दोन पंच लागते. तू सही करून मोकळा हो बेटा, वरचं मी सावकाश लिहून घेतो, म्हणाले. चहावाल्यानं आधीच अंगठा ठोकला होता. मी केली. आम्हाला सवय आहे. जामला अपघात झाला की पोलीस दुकानावर येऊन असेच कोरे कागद पुढं करत. मी पाचसहा अपघातांचा पंच असेन, पाहिला एकही नाही.

माझी सही झकास आहे. नावाखाली एक रेघ, रेघेखाली दोन गोल. बंडीची, म्हणजे बैलगाडीची चाकं. फिरतीचा माणूस ना.

५ डिसेंबर, गुरुवार

काम सोपं, गंमत जास्त. आज १९३१ सालची एक बकरी सापडली, म्हणजे बकरीच्या चोरीची केस. बकरीचं वर्णन एवढं सुंदर की मी ते तीनदा वाचलं आणि मशीन तसंच गरम होत राहिलं. महादेवराव रागावत नाहीत. फक्त म्हणाले, वाचू नको बेटा, ठेव अन् दाब.

खिडकीवर लोक नकला मागायला येतात. बहुतेकांना मिळतात. काहींच्या अर्जावर महादेवराव कपाटात न बघताच लिहितात : अभिलेख आढळून येत नाही. अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या म ला डोक्यावर एक बारीक आकडा असतो, विंचवाच्या नांगीसारखा.

न बघता कसं कळतं, असं विचारलं. म्हणाले, जे नाई ते कुठं नाई हे मले पाठ आहे.

९ डिसेंबर, सोमवार

आज खिडकीवर एक मुलगी आली. आकांक्षा. सावंगीला नर्स आहे. मी कॅन्टीनमध्ये तिचं ताटही धुतलं असेल, पण तिला मी आठवत नाही. सोबत तिची आजी रुख्माबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठीसारखी ताठ.

रुख्माबाईच्या बापाला, जयवंताला, १९५४ साली नागपूरच्या जेलात फाशी झाली. माळवं पिकवणारा माणूस. मालगुजाराच्या दिवाणजीला विळ्यानं मारलं असा आरोप. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं भांडण होतं. विळा जयवंताच्या अंगणात कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या ढिगात सापडला, त्या एका पंचनाम्यावर माणूस गेला. गावात ते अजून फाशीवाल्याचं घर. आकांक्षाची सोयरीक त्याच पायी मोडली. आजीला मरायच्या आधी तो पंचनामा पाहायचा आहे. सातवा अर्ज. महादेवरावांनी सातव्यांदा लिहिलं, आढळून येत नाही. आकांक्षा म्हणाली, ठीक आहे, वरती अपील केलंय, चोवीस तारखेला सुनावणी आहे. महादेवराव हसले. जाजो बेटा, म्हणाले.

जाताना म्हातारी माझ्यापाशी थांबली. बराच वेळ पाहत राहिली. मग साध्या आवाजात म्हणाली, तू तं तोच हायस. पाणी तसंच टाकून गेलता.

आकांक्षानं तिचा हात धरला, मला म्हणाली, आजीले नीट दिसत नाई, मनावर घेऊ नका. मी नाही घेतलं. पण महादेवरावांचं हसू गेलं होतं, ते मी पाहिलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

महादेवराव आज लग्नाला गेले. उशी रिकामी.

मला खरं तर त्यांच्या खुर्चीत बसून बघायचं होतं, एवढंच. बसलो. मग वाटलं, सगळे बस्ते मांडणीवर, हाच एक खुर्चीत काऊन? उशी उचलली. फडक्यावर चिठ्ठी : सरकार विरुद्ध जयवंता, १९५३.

म्हणजे सातही वेळा रुख्माबाईच्या अर्जावर हा माणूस त्याच कागदांवर बसून लिहीत होता, आढळून येत नाही.

पंचनामा सापडला. तारीख २३ डिसेंबर १९५३, बुधवार, मौजे पांढरतळ. बाजाराचा दिवस, पंच बाजारातून बोलावलेले. मला कायदा कळत नाही, पण एक गोष्ट शेंबड्या पोरालाही कळेल. वरती मजकूर ऐसपैस, मोठं अक्षर. खाली येता येता अक्षर लहान लहान होत गेलंय, ओळी एकमेकींवर चढल्यात, शेवटची ओळ तर मुंगीएवढी, पंचांच्या सह्यांच्या वर कशीबशी कोंबलेली. म्हणजे सह्या आधी होत्या. मजकूर नंतर भरला.

जयवंता कोऱ्या कागदावर लटकला.

पंच क्रमांक एकचा अंगठा आहे. पंच क्रमांक दोन : धंदा नक्की नाही, राहणार फिरता. वाचून हसू आलं, माझंच वर्णन. त्याची सही मात्र नाही. तिथला कागद पांढरा आहे, जशी उडून गेली.

आणि मजकुरातल्या प्रत्येक म ला डोक्यावर आकडा.

मोबाइलवर फोटो काढला. बस्ता होता तसा ठेवला. १९५३ साली लिहिणारा माणूस आज किती वर्षांचा असेल याचा हिशेब तीनदा केला. चुकतोय कुठंतरी.

१५ डिसेंबर, रविवार

आकांक्षाला फोन केला होता. ती म्हणाली, फोटो चालत नाई, कागद तिथं आहे हे कोणीतरी उभं राहून सांगावं लागेल. मी म्हटलं, मी सांगतो. का म्हटलं माहीत नाही. थोडं तिच्यासाठी, खोटं कशाला लिहू.

आज पांढरतळला गेलो. बस फाट्यावर सोडते. तिथून वाट कोणाला विचारली नाही, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं. दोन ठिकाणी वाट फुटते. मी थांबलोच नाही.

रुख्माबाई ओट्यावर होती. तिनं जे सांगितलं ते तिच्याच बोलीत लिहितो. मी सात वर्साची पोट्टी होती. इळा कुटारात नव्हता रे, माह्या हातात होता, मी मेथी कापून राह्यली होती. पंचनामा लिवणाऱ्या त्या गोऱ्या मुन्शीनं हातातून घेतला, कुटारात खुपसला अन् सगळ्याइच्या समोर काढला. एका पंचाचं ध्यान बैलाकडं होतं. दुसऱ्यानं पाह्यलं. त्यानं पाणी मांगलं होतं, मी लोटा आणला, त्यानं लोटा हातात घेतला अन् माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता सांगते. त्यानं लोटा खाली ठेवला अन् निघून गेला. मी वाट पाहून राह्यली.

मग मलाच विचारलं, काऊन नाई सांगितलं?

एकाहत्तर वर्षांनंतर कोणी माझ्या वयाच्या माणसाला हे विचारतं का? मी हसायला पाहिजे होतं. आकांक्षानं पाणी आणलं. लोटा तोंडाशी नेला आणि घशाखाली उतरेना. तसाच ठेवला. म्हातारीनं मान हलवली, जशी तिची खात्री झाली.

१६ डिसेंबर, सोमवार

फोटो परत पाहिला. पांढऱ्या जागी काहीतरी आहे. पुसट रेघ. गुरुवारी नव्हती. मी नीट पाहिलं होतं, नव्हती.

१८ डिसेंबर, बुधवार

रेघेखाली दोन गोल.

महादेवराव जेवायला गेले तेव्हा मूळ कागद काढला. त्यावरही. जुनी तपकिरी शाई, कागदात मुरलेली, पण चाकं माझी आहेत. वर नाव उमटतंय. रो आला आहे.

मग त्यांच्या खणात माझा तो पहिल्या दिवशीचा कोरा कागद शोधला. चहावाल्याचा अंगठा जागेवर. माझी सही नाही. खाजवल्याची खूण नाही, काही नाही. जशी उठून दुसरीकडं गेली.

मागं महादेवराव उभे होते, हात धुतलेले, अत्तराचा वास. ओरडले नाहीत. म्हणाले, शाई उडते बेटा. दर काही वर्सांनी उडते. पंच नवा लागते. तुह्यासारखेच, फिरते. घरून कोणी विचारत येत नाई.

मग बस्ता स्वतःच माझ्यापुढं सरकवला. घेऊन जा म्हणाले, चोवीस तारखेला दाखव साहेबाले. साहेब विचारेल ही सही कोनाची. तू सांगशील माही. सरकारी रेकॉर्डात नवी सही घुसवली म्हणून आत जाशील, अन् जयवंताचा कागद तुह्याच पायी खोटा ठरेल. म्हातारीच्या हाती काय राह्यलं?

खरं आहे ते. माझी सही पूर्ण झाली की पुरावा मेला.

१९ डिसेंबर, गुरुवार

हजेरीत माझं नाव नाही. ठेकेदार फोनवर म्हणाला, कोन रोशन.

कॉलरमध्ये कुटार टोचतंय. शर्ट दोनदा झटकला. कुटार कुठून आलं — इथं बैल नाही, शेत नाही —

पाण्याची तहान आहे पण घोट जात नाही.

आकांक्षाला सगळं सांगितलं. विश्वास ठेवणार नाही वाटलं होतं. तिनं फोन तसाच धरून ते आजीला सांगितलं. मग म्हणाली, आजी म्हणते त्याले सांगजो, या वेळी पाणी पिऊन जाजो.

२० डिसेंबर, शुक्रवार

पळालो. लिहायला लाज नाही, मी आजवर सगळीकडून पळूनच आलो आहे. जामची बस धरली, खिडकीशी डोळा लागला. कंडक्टरनं उठवलं, उतर बावा तुहा फाटा आला. उतरलो. पांढरतळचा फाटा.

फाट्यावर डांबर नव्हतं. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या — बाजारकरी — मी डोळे मिटून शंभर मोजले. मग डांबर आलं. तोपर्यंत बस गेली होती.

२२ डिसेंबर, रविवार

फोटोत नाव पूर्ण. रोशन.

आता आठवतं — मुन्शीनं बाजारात सही घेतली, चिवड्याच्या दुकानापाशी. भजी दिली होती. आधी सही, मग जागेवर. मी म्हटलं होतं, काय लिहिणार वरती? तो म्हणाला, तू मोकळा हो —

मला ते आठवायला नको. मी तेव्हा नव्हतो. माझा जन्म दोन हजारचा —

मी नव्हतो.

२३ डिसेंबर

सकाळी खोलीवरून निघालो तेव्हा सोमवार होता. इथं सगळे बुधवार म्हणतात. बाजार भरला आहे.

अंगण तेच. नीम लहान आहे. ओटा नवा सारवलेला. जयवंता हात बांधून उभा — माझ्याएवढाच आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं — बायको दारात, तोंडात पदर कोंबलेला.

मुन्शी मांडीवर फळी घेऊन लिहितोय. केस काळे. कानात फाया. अक्षर आत्ता मोठं आहे, खाली जागा भरपूर दिसते. सर्वात खाली माझी चाकं.

त्यानं पाहिलं मी वहीत काहीतरी लिहितोय. म्हणतो, इकडं आण बेटा. पोलीस उठला आहे.

पोट्टी आली. लोटा दोन्ही हातांत. माझ्याकडं बघते आहे. सात वर्षांची, काठीसारखी ताठ. वाट बघते आहे.

प्यालो. सगळं प्यालो. उतरलं.

या पानाखाली मी सही केलेली नाही. आधी लिहितो, मग करीन. मी, रोशन, धंदा नक्की नाही, राहणार फिरता, समक्ष पाहिलं ते असं, की विळा पोरीच्या हातात होता, त्याला मेथीचा पाला लागलेला होता, रक्त नव्हतं, कुटारात काही नव्हतं, विळा तिच्या हातातून घेऊन कुटारात ठेवणारा माणूस हा जो आत्ता माझ्या हातातली वही ओढतो आहे तो मुन्शी, त्याचं नाव म