बेकरीतली न दिसणारी आग

तीर्थस्वरूप मामांना,

कागदावरूनच वाकून नमस्कार. (समोर आलो असतो तर तुम्ही पाय मागे घेतले असते.) तुमचा गुडघा कसा आहे हे मामीकडून कळतं, आणि तुम्ही माझ्याशी का बोलत नाही तेही तिच्याकडूनच. ऊर्जा खात्याकडून येणारं, पाण्यापासून हायड्रोजन काढणारं यंत्र तुमच्या काचेच्या भट्टीला मिळायचं, ते आमच्या बेकरीनं पटकावलं, आणि अर्ज लिहिणारा निघाला सख्खा भाचा. धूर सोडणाऱ्या भट्ट्या वर्षअखेर बंद करायचा हुकूम आहे, आणि तुमची भट्टी एकदा थंड झाली की आतली काच थिजून भट्टीच फुटणार, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या शेठना दारावर ‘बिनधुराचा पाव’ अशी पाटी हवी होती, आणि मी पडलो त्यांचा पगारी मॅनेजर.

तर यंत्र आलं. छपरावरच्या सौर पॅनेलची वीज पाण्यात सोडायची, पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो जाळायचा, आणि जळून त्याची पुन्हा वाफच व्हायची. धुराचं नाव नाही. ऐकायला इतकं सोपं होतं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिल्याच सकाळी आमचे हेडबेकर (हयात भट्टीच्या भोकातून निळी ज्योत बघण्यात गेलेली) भोकाला डोळा लावून म्हणाले, “विझली.” ही ज्योत उजेडात दिसत नाही हे आदल्याच दिवशी शिकवलं होतं, तेव्हा त्यांनी मानही डोलावली होती. त्यांनी कॉक बंद केला. पाव कच्चे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः उभा राहिलो, मलाही काही दिसेना, म्हणून वायू जरा वाढवला. पावाचा कोळसा.

शिकवणाऱ्यानं गमतीत सांगितलं होतं की पूर्वी लोक अशी आग शोधायला पुढे झाडू धरून चालायचे. गळती हेरणारी यंत्रं भिंतीवर बसवलेली असताना हेडबेकरांनी नेमकं तेवढंच मनावर घेतलं. दिवसभर झाडू पुढे, आपण मागे. ऊर्जा खात्याच्या इंजिनिअरबाई पाहणीला आल्या तेव्हा हेडबेकरांनी तोच झाडू भोकात खुपसला, आणि तो भपकन पेटला. बाईंना वाटलं प्रात्यक्षिक आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, की पाव भाजण्याइतकी उष्णता सरळ विजेवर मिळते, तर विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची पुन्हा उष्णता हा द्राविडी प्राणायाम कशाला? वाटेत कितीतरी वीज वाया जाते. नुसत्या विजेनं सहज भागत नाही तिथे हा वायू द्यावा: पोलाद, खतं, काच. ‘काच’ म्हणताना त्या माझ्याकडेच बघत होत्या असं मला वाटलं. शेठ पाटीकडे बघत होते. मला मात्र मनापासून हलकं वाटलं, मामा, खरंच सांगतो.

तुमचा (मानलंत तर)
भाचा

ता. क. सोमवारी आमच्याकडे विजेची भट्टी बसते आहे. पाटी बदलावी लागणार नाही, म्हणून शेठ खूश.

ता. क. २. यंत्र तुमच्या नावावर झालं आहे, गुरुवारी टेम्पो येईल. ते एकटं पुरणार नाही, पण नेहमीच्या गॅसमध्ये मिसळून सुरुवात केलीत तर भट्टीला मुदतवाढ मिळेल, तसं बाईंनी लिहून दिलं आहे. माझ्यावरचा राग टेम्पोवाल्यावर काढू नका.

ता. क. ३. विजेच्या भट्टीला बटण असतं, मॅनेजर लागत नाही, असं शेठचं म्हणणं पडलं. तेव्हा टेम्पोतून यंत्राबरोबर मीही येतो आहे. काम द्या. बोलला नाहीत तरी चालेल.