तीस टाक्यांचा मफलर

डोंबिवली (प.), १४ सप्टेंबर १९९१

ती. विमलअक्कास,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर माझं नाही हे तू पत्ता पाहूनच ओळखलं असशील. मी सांगतोय आणि मालन लिहितेय. ठाण्याच्या कचेरीतही एकतीस वर्षं मी सांगायचो आणि दुसरे लिहायचे, पण तेव्हा लिहिणारे मध्येच उठून कुकर बंद करायला जात नसत.

जुलैत अंगावरून वारं गेलं ते पायातून उतरलं, जिभेवरूनही उतरलं (मालन म्हणते, जिभेवरून जरा लवकरच उतरलं), पण उजव्या हाताच्या बोटांत मुक्काम ठोकून बसलंय. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिलाय. साठीचा माणूस गॅलरीत बसून चेंडू दाबतोय, आणि शेजारचे पोपटराव रोज विचारतात की नातवाचा का.

खरी काळजी वेगळीच आहे. पेन्शनसाठी नोव्हेंबरात इथल्या बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. चौकशीला म्हणून गेलो, तर तिथल्या मुलीनं कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. केलेली सही पाहून तिनं फार मायेनं विचारलं की काका, अंगठा दिलात तर चालेल का. मी कागदाची घडी खिशात घालून घरी आलो. अक्का, माझी सही तू पाहिली आहेस. साहेबांच्या सहीपेक्षा तिचाच रुबाब जास्त असायचा. अंगठा मी करणार नाही. नोव्हेंबरपर्यंत हात सुधारायला हवा. शाळेत इतक्या मुलींना विणकाम-शिवणकाम शिकवून त्यांचे हात वळवलेस, आता माझाही वळव.

तुझ्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांग. लोभ आहेच, तो या बोटांसारखा आखडू देऊ नकोस.

तुझा
सहदेव (सहीच्या जागी मालन)

ठाणे, २१ सप्टेंबर १९९१

चि. सहदेव व चि. सौ. मालन यांस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

खालच्या मजल्यावरचा रघु डोंबिवलीला कामाला येतो, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पिशवी पाठवते आहे. पिशवीत दोन सुया आणि करड्या लोकरीचे चार गुंडे आहेत. चेंडू खरंच कोणाच्या नातवाला देऊन टाक आणि मफलर विणायला बस. बोटं हलतात, डोकं शांत राहतं, आणि पिशवीत घालून कुठंही नेता येतं.

तीस टाके घालून पहिली ओळ मी विणून दिली आहे. पुढची प्रत्येक ओळ सुलट. सुई टाक्यात घालायची, लोकर तिच्यावरून घ्यायची, बाहेर ओढायची आणि जुना टाका सोडून द्यायचा. उलट टाका मी शिकवणार नाही. तुझा स्वभाव पाहता तो आपोआप येईल. चौथीतल्या मुली हे दोन दिवसांत शिकायच्या, तुला महिना देते.

चुकलं तर उसव, त्यात लाज नाही. मी यांच्यासाठी पहिला स्वेटर विणला तो यांच्या डोक्यातून खालीच उतरेना. शेवटी तो उशीला घातला, आणि पुढं विणकामाची शिक्षिका झाले.

गोळ्या वेळेवर घे. माया कायम आहे.

अक्का

डोंबिवली, ८ ऑक्टोबर १९९१

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तीस टाक्यांचे बेचाळीस झाले आहेत. मी एकही वाढवलेला नाही. कुठून आले, कोणाच्या शिफारशीनं आले, काही पत्ता लागत नाही. मफलर एका टोकाला अरुंद आहे आणि दर ओळीला रुंदावतोय. मालनचा अंदाज आहे की दिवाळीपर्यंत लुगडं होईल. तू उसव म्हणतेस, पण कचेरीच्या कागदात खाडाखोड केली की शेजारी सही लागते. सहीच येत नाही, तर उसवू कसा?

पिशवी मात्र सगळीकडे नेतो. न्हाव्याकडे विणलं, ठाकुर्लीला जुन्या कचेरीतल्या बाळकडे गेलो तिथं विणलं. दवाखान्यात बायका सरकून मला जागा देतात आणि न राहवून माझ्या हातातून सुया घेऊन दोन-दोन ओळी विणून देतात. तेव्हा मफलरचे जे भाग सुबक दिसतील ते माझे नाहीत, हे आधीच कबूल करतो. पण अक्का, बरं वाटतं. विणताना नोव्हेंबरची आठवण येत नाही.

रोज सकाळी सही गिरवतो. नाव वाचता येतं, पण ते माझं वाटत नाही.

(वन्सं, पुढचं माझं आहे. परवा सही जमेना म्हणून यांनी पेन भिंतीवर फेकलं. तुम्हीच काहीतरी समजुतीचं लिहा. मालन.)

तुझा
सहदेव

ठाणे, १५ ऑक्टोबर १९९१

चि. सहदेवास अनेक आशीर्वाद.

तू विणताना लोकर पुढं आणतोस, म्हणून टाके वाढतात. ती मागंच ठेव. झालेले बेचाळीस असू देत, आता कोणाला कामावरून काढू नकोस.

मालननं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. अंगठ्याचं एवढं मनाला का लावून घेतोस? यांनी शेवटच्या आजारात अंगठाच केला होता. तेव्हा माझ्या मनातून ते तसूभरही उतरले नाहीत. तुला नक्की कशाची भीती वाटते, ते मला एकदा सांग. मालनकडून लिहून घ्यायला लाज वाटत असेल तर डाव्या हातानं लिही. मला शाळेतली अक्षरं वाचायची सवय आहे.

जीव लावून आहे, हे विसरू नकोस.

अक्का

डोंबिवली, १३ नोव्हेंबर १९९१

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला महिना लागला. मालनकडूनच लिहून घेतोय, कारण तिला सगळं आधीच ठाऊक होतं असं ती म्हणते.

एकतीस वर्षं खिडकीशी बसून मी विचारत होतो, सही की अंगठा. अंगठा म्हटलं की तोंडाकडे न बघता मनगट धरायचं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबायचा, कागदावर दाबायचा आणि पुढच्याला बोलवायचं. खाडीकाठच्या गावांतून माणसं सातबाऱ्याच्या नकलेसाठी यायची. किती मनगटं धरली त्याची गणती नाही, आणि चेहरा एकाचाही आठवत नाही. आता कोणीतरी माझं मनगट तसं धरील, एवढीच भीती होती.

काल बँकेत गेलो. बाकावर पाऊण तास विणत बसलो. शेजारी जनाबाई नावाची कोळीण होती, नवऱ्याच्या माघारी मिळणाऱ्या पेन्शनसाठी आलेली. रेल्वेतली नोकरी सांभाळून तो जाळी विणायचा. माझ्या मफलरची भोकं बारकाईनं बघून तिनं विचारलं की बाबा, यात कोणता मासा धरणार. मी म्हटलं, सापडेल तो.

मग सही केली. तीनदा केली, तिन्ही वेळा जुळली नाही. त्या मुलीनं माझं मनगट धरलं नाही. तिनं शाईचं पॅड पुढं सरकवलं आणि दुसऱ्या कागदात मान घातली. अंगठा मीच टेकवला. पुरुषांचा डावा लागतो, अक्का. हे मला एकतीस वर्षं पाठ होतं आणि तरी दोन महिने मी उजव्या हाताला राबवत होतो.

अंगठ्याला दोन खातेदारांची साक्ष लागते. एक रांगेतला गृहस्थ मिळाला आणि दुसरी जनाबाई उठली. गेल्या वर्षापर्यंत तिचाही अंगठाच होता. यंदा गावातल्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊन सही शिकली. तिनं आधी ज काढला, मग ना, मग थांबून पेन नीट धरलं. मागं रांग वाढत होती. माझ्या खिडकीशी असं झालं असतं तर मी काय बोललो असतो ते मला ठाऊक आहे. काल मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिलो, शेवटचं अक्षर होईपर्यंत.

झाल्यावर तिनं सांगितलं की अंगठ्याची शाई केसांना पुसायची, लगेच जाते. मी टोपी काढून दाखवली. उरलेले चार केस बघून ती इतकी हसली की बँकेतली ती मुलगीही हसायला लागली. शेवटी शाई मफलरला पुसली. घरी येऊन थोडा रडलो. लाज वाटून नाही, मोकळं वाटून.

मफलर संपलाय, शेवटचे टाके मालननं बंद करून दिले. रघुबरोबर तुला पाठवतोय, कारण इथं तो कोणी गळ्यात घालायला तयार नाही. खालचं नाव माझ्या हातचं आहे, उजव्या. वाकडं आहे ते गोड मानून घे.

सहदेव

ठाणे, १९ नोव्हेंबर १९९१

चि. सहदेवास अनेक अनेक आशीर्वाद.

मफलर मिळाला. त्याच्या अरुंद टोकात माझी मान मावते आणि रुंद टोकात दोन्ही गुडघे, म्हणून मी तो गुडघ्यांनाच गुंडाळते. शाईचा डाग धुणार नाही.

जुलैत तू पडल्याचं कळलं, तेव्हा या गुडघ्यांमुळे मला हा जिनासुद्धा उतरता आला नाही. तीन दिवस देवापुढं बसून होते. तू नुसता जगावास एवढंच मागत होते, सहीचं नाव काढलं नव्हतं. हे तुला आधी लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी टाके शिकवत बसले.

बँक तिचा दाखला फाइलला लावून ठेवील, म्हणून माझा एक देते, जपून ठेव. दाखला देण्यात येतो की, सहदेव हा माझा धाकटा भाऊ असून आज रोजी हयात आहे. त्याची सही पूर्वीसारखी राहिलेली नाही. तोही पूर्वीसारखा राहिलेला नाही. दोन्ही मला मान्य आहे.

विमल