कावळ्याला दिलेला शब्द

तीर्थरूप सासूबाईंस साष्टांग नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून देवापुढे बसले की तुमच्याशी बोलतेच मी. पण आजचं बोलणं ह्यांच्या कानावर पडायला नको, म्हणून लिहिते.

काल शेजारचे शिंदे भावजी आले होते, ह्यांच्या कंपनीच्या नाट्यमंडळाची नाटकं बसवतात ते. म्हणाले, "वहिनी, पुण्याच्या मंडळींनी स्पर्धेत तुमचं काम पाहिलं. नव्या नाटकाचं नेपथ्य आणि वेशभूषा, दोन्ही तुमच्याकडे द्यायचं म्हणतात. पेपरात नाव येईल!"

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "नाही जमायचं. कावळा शिवलाय."

भावजींना काही कळेना. तुम्हांला तरी माहीत आहे का हो, तुमच्या दहाव्याला काय झालं ते?

पवनेच्या घाटावर पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर, एक खाली उतरेल तर शपथ! नातवंडांना शिकवतो म्हणून झालं, धाकट्या वन्संचं लग्न लावून देतो म्हणून झालं. ऊन चढलं, ह्यांना सेकंड शिफ्ट गाठायची होती. शेवटी हात जोडून म्हणाले, "आई, हिचं नाटकाचं काम बंद करतो." आणि शिवला की हो!

मागे उभ्या असलेल्या साऱ्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. माझा शब्द दिला, आणि मला न विचारता!

पण नेमकं तेव्हाच तुमच्या बहिणीनं पानावर गरम कांदाभजी ठेवली होती, तेही मी पाहिलं. कावळा शब्दाला उतरला की भज्यांना? असलं काही मनात आलं की मी घाईनं जपाची माळ हातात घेते.

टोमणे तुम्ही मारायचात, खरं आहे. "राजाला चिलखत करतेस, नवऱ्याच्या शर्टाला बटण कोण लावणार?" पण गोणपाटाला चंदेरी रंग देऊन केलेलं तेच चिलखत स्टेजवर आलं, तेव्हा शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून कोण म्हणालं, "आमच्या सुनेचं आहे हो ते"? पॅकिंगच्या फळ्यांचा मी दरवाजा केला, त्याला आतून खरी कडी लाव, हे कुणी सुचवलं? "बघणाऱ्याला नाही दिसली तरी नटाला दिसते," म्हणालात. मग तुमचा जीव माझ्या नाटकात अडकला होता, असं मी कसं मानू? एकदा तोंडानं सांगून का नाही गेलात?

आणि न मानण्याचंही धाडस होत नाही. शब्द मोडला आणि तुमच्या गतीला बाधा आली तर? देवापुढे कोणत्या तोंडानं बसू?

मन मात्र ऐकत नाही. परवा चाकणच्या बाजारात बैलांच्या शिंगांचे रंगीत गोंडे पाहिले आणि राणीचा मुकुट सुचला. गोंडे होते तिथे ठेवले आणि मिरच्या घेऊन घरी आले.

आज सकाळी भावजींना नाही म्हणून सांगितलं. "वहिनी, असं बोलावणं पुन्हा येत नसतं," म्हणाले. मला ठाऊक नाही का ते!

रागावू नका. तुमचं वर्षश्राद्ध, नैवेद्य, काही चुकू देणार नाही. पण एक वचन मीही देते, माझ्या स्वतःच्या तोंडानं. माझ्या पिंडाला कावळा नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून टेकवा आणि घरी जा, असं मुलांना आत्तापासून सांगून ठेवीन. माझ्या सुनेला घाटावर कुणी शब्दात बांधून टाकायचं नाही.

तुमची सून,
वसुधा