गेनूच्या वळणाचं गणित

भोर,
मार्च १९७४

प्रिय चिमा,

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू खुशाली विचारली नव्हतीस, गणित विचारलं होतंस. आई गावी, विंझरलाच आहे. गुडघे सोडले तर बरी आहे. हरभरा काढून झाला. तू कधी येणार असं ती विचारत नाही, पण एसटी थांबल्याचा आवाज आला की दाराशी जाते.

तू पाठवलेले सगळे आकडे मी तपासले. तुझ्या शर्यतीच्या गाडीचं वजन, चाकांमधलं अंतर, भार जमिनीपासून किती उंचीवर, वळणाची त्रिज्या. तुझ्या आराखड्यात मला चूक सापडली नाही. खरं सांगू, सापडली असती तर बरं झालं असतं असं एकदा मनात येऊन गेलं, म्हणजे निदान धरायला काहीतरी मिळालं असतं. दिवाळीत तू मला नि गेनूला अंगणात बसवून हे सगळं समजावलं होतंस. गवतानं शीग लावून भरलेली बैलगाडी वळणावर का कलंडते, तिथून सुरुवात केलीस आणि शर्यतीच्या गाडीचं पोट जमिनीला टेकेल इतकी ती बुटकी का करतात, तिथवर आणलंस. वेग दुप्पट झाला की बाहेर लोटणारा जोर चौपट होतो, असं तू म्हणालास तेव्हा गेनू मोठ्यांदा हसला होता. "दुप्पट तू बघ, चौपट म्या संबाळतो!" वरंधा घाटात ट्रक चालवणारा माणूस, त्याला कशाची भीती वाटणार? तुझ्याबरोबर मद्रासला जाताना तो माझ्याही पाया पडला. वर्गात माझ्याकडून मार खाल्लेला पोरगा आता रेसची गाडी चालवणार, याची मला केवढी ऐट वाटली होती.

आता तुझा प्रश्न. ज्या वळणावर गेनू गेला, तिथं त्याचा वेग जास्त झाला, की सडकेनं दगा दिला? एवढंच काढून दे, असं तू लिहिलंस. मी वळणाचं समीकरण मांडलं. त्यात दोन गोष्टी अज्ञात आहेत, गाडीचा वेग आणि सडकेची पकड. एका समीकरणातून दोन अज्ञातं निघत नाहीत, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. म्हणून टायर घसरल्याच्या काळ्या खुणांची तू मोजलेली लांबी घेऊन दुसरं मांडलं. खूप आशा होती. पण चिमा, दोन्ही समीकरणं एकाच गोष्टीशी येऊन थांबतात. वेगाच्या वर्गाला पकडीनं भागलं तर काय येतं, तेवढंच दोन्ही सांगतात. पकड चांगली होती असं धरलं तर गेनू फार वेगात होता. वाळू नाहीतर ऑईल सांडलेलं होतं असं धरलं तर त्याचा वेग अगदी तू सांगितलेला होता. दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. शर्यतीची ती विमानांची जुनी धावपट्टी त्याच दुपारी झाडून पुढची शर्यत लावली म्हणतोस, मग त्या वेळची सडक आता कुणाला मिळायची? तुझ्या हातातलं घड्याळ सबंध फेरीचा वेळ सांगणार होतं, आणि ती फेरी तर पुरी झालीच नाही.

गेनूच्या अस्थी घेऊन तुझ्या वर्कशॉपचा माणूस त्याच्या गावी, आंबवड्याला आला. तू आला नाहीस. मी तेव्हा काही बोलले नाही. पण आता गेनूची आई ठकुबाई दर बाजाराला भोरला येते आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून राहते. पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, "बाई, तुमी गनित शिकिवता न्हवं? गावात म्हनत्यात गेनू पिऊन गाडीवर बसला. माजं पोर चुकलं का न्हाई, येवडंच मला सांगा." पकड नि वेग तिला कसे समजावू? मी म्हटलं, मावशी, गणितातून ते कळत नाही. तिनं विचारलं, "मंग कशातनं कळतं?" फळ्यावर अर्धं उदाहरण तसंच होतं, मुलं वाट बघत होती, मी वर्गात परत गेले. तो चुकला नाही, असं सांगून टाकावं असं फार वाटतं. पण मला ते ठाऊक नाही, आणि तिला ते माझ्या तोंडावर दिसेल.

आज ती पुन्हा आली आहे. हे पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहिते आहे. समोर बसून ती माझ्या हाताकडे बघते आहे. ती म्हणते, "लिवा, चिमावर माजा राग न्हाई. त्यानं गेनूला त्या दिशी सकाळी बगितलंय. काय खाल्लं, कुनाशी बोलला, त्ये मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय." एवढंच लिहायला सांगितलं तिनं. पुढचं माझं. तू आलास तर ती गेनू चुकला का हेही विचारील, आणि तुझ्याकडेही उत्तर नसेल. मी तुझी सुटका करू शकत नाही. तरी ये.

तुझीच,
आक्का