‘भाजीपाल्याची लागवड’ची शेवटची अकरा पानं

मंगळवार, तारीख सतरा
(दुकानातलं कॅलेंडर गेल्या वर्षीचं आहे. वार पक्का, तारखेची खात्री नाही.)

ती. ताईस,

तुझ्या भिंगरीचा वाकून नमस्कार. मी बरा आहे. आईचा गुडघा दुखतो, जीभ ठणठणीत आहे. मी सध्या रद्दीच्या दुकानात कामाला आहे आणि गेले आठ महिने तिथेच आहे. हे वाचून चक्कर येईल, खाली बस. रद्दीवाले काका म्हणतात, "तुझ्या पायांना चाकं आहेत, पण इथे ढीगच एवढे की पळायला वाट सापडत नाही."

(आश्रमाच्या फाटकावरच्या बाई, हे पत्र तुम्हीच पिशवीतल्या सामानाखालून आत नेणार आणि तुम्हीच आधी वाचणार, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही नमस्कार. सोबतची अकरा पानं मात्र ताईच्या आधी वाचलीत तर बघा.)

ताई, तीन वर्षांत तुझी एक चिठ्ठी आली, तीही एका ओळीची. "शेवटची पानं कुठे आहेत?" मी ती आईला दाखवली. आई म्हणाली, "अक्षर तिचंच. चिडलेली आहे. म्हणजे बरी आहे." मग पदर डोळ्याला लावून गुडघ्याला शिव्या घालत बसली.

मी आधी पाठवलेल्या दोन पुस्तकांबद्दल माफ कर. शहाणी माणसं भोंदूंच्या नादी कशी लागतात, असं पहिलं होतं. ते तुमच्या मंडळाने चिठ्ठी लावून परत पाठवलं, ‘विषय आमच्या परिचयाचा आहे.’ दुसरं माणसाच्या मेंदूबद्दल होतं. ते तुमच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या आखूड पायाखाली आहे असं कळलं. टेबल आता डुगडुगत नाही, म्हणजे अगदीच वाया गेलं नाही.

तेव्हा काका माझ्यावर खेकसले, "अरे गाढवा, बुडणाऱ्याला कुणी पोहण्यावर व्याख्यान देतं का? तिला आवडायचं काय ते आठव." मला आठवलं. तू शिलाई मशीन चालवता चालवता मांडीवर रहस्यकथा उघडी ठेवायचीस. एकदा खुनी सापडायच्या घाईत एका माणसाच्या सदऱ्याची बाही गळ्याला शिवलीस. तो माणूस तरी कसला, घालून बघतो म्हणाला!

ढिगात एक बिनकव्हरची रहस्यकथा होती. तिला मी ‘भाजीपाल्याची लागवड’चं कव्हर चिकटवलं. पहिलंच वाक्य होतं, म्हातारा टोमॅटोच्या वाफ्यात उताणा पडला होता. टोमॅटो दिसले आणि बाईंनी शिक्का मारला. (बाई, राग मानू नका.)

शेवटची पानं नाहीत हे मला माहीत नव्हतं. आईशपथ. मी जन्मात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही, मग शेवटच गायब आहे हे मला कसं कळणार?

आणि मग एक दिवस बाई स्वतः दुकानात हजर. पिशवी छातीशी धरून, इकडेतिकडे बघत.

"भाजीपाल्याचा पुढचा भाग आहे का?"

"कुठली भाजी?" मी म्हटलं.

"भाजी गेली चुलीत. सून होती की डॉक्टर?"

काका हातातला तराजू सोडून हसत सुटले. बाईंनी सगळं सांगितलं. तुमच्या धोबीखान्यात अकराजणी ते पुस्तक चादरींच्या घड्यांतून फिरवताहेत. निम्म्या म्हणतात सून, निम्म्या म्हणतात डॉक्टर. त्यावरून दोघींनी एकमेकींना इस्त्री द्यायचं बंद केलं. शेवटी बाईंनीच सभेत तुमच्या गुरूंना, म्हणजे थोरल्यांना, आडून विचारलं, "एका घरात तिघांवर संशय आहे, डॉक्टर, सून आणि माळी. दोषी कोण?" थोरल्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ज्याच्या हाताला माती, तो." झालं. माळी ठरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त तू म्हणालीस, पुस्तकात काय आहे ते बघू. तुमच्याकडे प्रश्न म्हणजे मनावरची काजळी ना? मग तुला चार दिवस कुणाशी बोलायचं नाही अशी शिक्षा झाली. तरी तू चिठ्ठी पाठवलीस.

मी त्या पुस्तकाची अख्खी प्रत शोधायला निघालो. वाटेत एका पुलावर रंगकाम चाललं होतं, तिथे दोन दिवस ब्रश धरला, ते जाऊ दे. पाचव्या गावातल्या वाचनालयात पुस्तक सापडलं. ग्रंथपाल म्हणाले, "घरी मिळणार नाही. तुमच्या चेहऱ्यावरच लिहिलंय की परत येणार नाही." खोटं कशाला बोलू, माणसाला चेहरे वाचता येत होते. मग तिथेच बसून तीन दिवस अकरा पानं हाताने उतरवून काढली. मी, ताई, तीन दिवस, एका खुर्चीत! ग्रंथपालांनी दुसऱ्या दिवशी आपल्या डब्यातलं अर्धं मला दिलं.

आता वाईट बातमी. आधी पानं वाच, मग इथून पुढे वाच.

वाचलंस? माळीच आहे.

मला रडूच कोसळलं. साऱ्या जगातल्या पुस्तकांतून मी नेमकं थोरल्यांचं खरं करणारं उचललं! रात्रभर बसस्टँडवर बसून मी शेवट बदलला. डॉक्टरला खुनी केला, त्याला थोरल्यांसारखी दाढीसुद्धा लावली. झकास जमलं होतं. सकाळी फाडून टाकलं. तुला सोयीचे शेवट सांगणारे तिथे आहेतच, त्यात आणखी एक मी कशाला.

कारण तुला एक खोटं मी आधीच सांगितलेलं आहे.

त्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून मी हे पत्र चारदा सुरू केलं आणि चारही वेळा तुला पुलाच्या रंगाबद्दल सांगत बसलो. हिरवा होता. असो. तुझं शिवणकाम सुटलं होतं, तू दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचीस. तिथे फुकट जेवण आहे, वर पंखा आहे, असं कुणीतरी मला सांगितलं आणि मीच तुला घेऊन गेलो. "दोन दिवस, ताई." दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. तू कपडे धुवायला बसली होतीस. मी म्हटलं, "साबण आणतो," आणि फाटकाबाहेर आलो. समुद्राकडे जाणारा एक ट्रक उभा होता. मी समुद्र बघितलेला नव्हता.

आईला मी सांगितलं की तू आपल्या मर्जीने राहिलीस. तू किती दिवस साबणाची वाट बघितलीस, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारायची छाती होत नाही.

एवढंच म्हणतो. थोरल्यांचं बरोबर आलं. तिघांतला एक, माझंही आलं असतं. पण पुस्तकातल्या खुनी शोधणाऱ्या त्या निवृत्त मास्तरीणबाई अकरापैकी नऊ पानं फक्त आपल्याला कसं कळलं ते सांगतात. माळी म्हणतो सकाळभर पाणी घालत होतो आणि झारीच्या तोंडात कोळ्याचं जाळं! तू थोरल्यांना एकदाच विचार, तुम्हाला कसं कळलं? नऊ पानं नकोत, अर्धं पान सांगू देत. सांगितलं तर राहा, मी पुन्हा कव्हरं चिकटवणार नाही.

शनिवारी मी फाटकासमोरच्या बाकावर बसेन, सकाळपासून. तू निघायला ये, भांडायला ये, नाहीतर येऊ नकोस. पण मी उठणार नाही. ट्रक आला तरी.

तुझा, साबण आणायला गेलेला,
भिंगरी

*

(अकराव्या पानाच्या पाठीवर)

भिंगरी,

बाईंनी तुझं पत्र धोबीखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं, कंसांसकट. साबणाचं आलं तेव्हा माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. एक उशीचा अभ्रा गेला.

पंधरा दिवस. विचारायची छाती नव्हती ना, म्हणून सांगते. पुढे वाट बघायची सवय लागली, आणि इथे सगळे कशाची ना कशाची वाट बघतच होते.

काल सभेत विचारलं. "आपल्याला कसं कळलं?" थोरले म्हणाले, "दिसलं." मी म्हटलं, "झारी दिसली का?" ते म्हणाले, "कसली झारी?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. वळून बघितलं तर बाई.

तुझ्यावरचा राग कागदावर मावणारा नाही. समोर बसवून काढीन. त्या ग्रंथपालांचा डबा मात्र भरून परत करायचा आहे, ध्यानात ठेव.

शनिवारी ये. दोन जोड चपला आण, इथल्या इथेच ठेवाव्या लागतात. मला पाच नंबर, बाईंना सात.

आणि साबण आण.

ताई